बारा वर्षांचा घरचा संगणक : दुरुस्त करावा की बदलावा?

खारपाणपट्टा (तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

नमस्कार. घरच्या संगणकाबद्दल एक निर्णय घ्यायचा आहे. गावात विचारावे असे कोणी नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी ज्यांना विचारले ते विकणारेच आहेत, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

आमचा संगणक २०१३ सालचा आहे. त्या वर्षी तुरीचे चुकारे हाती आल्यावर अमरावतीहून असेंबल्ड करून आणला. आत इंटेलचा आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. सुरुवातीला त्यावर विंडोज ७ होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मोफत मुदत संपण्याआधी पुतण्याने विंडोज १० चढवून दिले. त्यानंतर दोनदा दुकानात नेऊन फॉरमॅट मारून घेतला, बाकी काहीही बदललेले नाही.

घरात चौघांचे काम त्यावर चालते. मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे आणि सीईटी संगणकावरच द्यायची असल्यामुळे सराव परीक्षा मोबाइलवर न देता मोठ्या पडद्यावर, माऊस हातात घेऊन द्याव्यात असा तिच्या शिक्षकांचा आग्रह आहे. पत्नी महिला बचत गटाची सचिव असून गटाचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते. माझ्याकडे सातबारा, पीक विमा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे असतात. आणि वडिलांनी, जे जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक आहेत, सात-आठ वर्षे खपून गावातील वावरांची जुनी नावे, पाणवठे, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि त्या कोणी खोदल्या याची नोंद कृतिदेव फाँटमध्ये टंकलिखित करून ठेवली आहे. आता त्यांची नजर अधू झाली आहे, त्यामुळे ते लिहीत नाहीत, परंतु ते सगळे लेखन याच संगणकात आहे.

तक्रारी अशा आहेत. चालू केल्यापासून काम करण्याजोगा होईपर्यंत आठ-नऊ मिनिटे जातात. ब्राउझरमध्ये तीन-चार पाने उघडली की सगळे गोठते. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी तो आपोआप बंद पडतो. मधूनच तारीख मागे जाऊन वर्ष २०१२ दिसू लागते आणि त्या दिवशी एकही संकेतस्थळ उघडत नाही. शिवाय अनवाणी असताना सीपीयूच्या डब्याला हात लागला तर बोटांना झिणझिण्या येतात.

दुकानदाराचे म्हणणे असे की विंडोज १० बंद झाले, विंडोज ११ यावर चालणार नाही, तेव्हा हा भंगारात काढून ३८ हजारांचा नवा घ्यावा. पुण्यातील मेहुणा म्हणतो की हार्ड डिस्कच्या जागी फक्त एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, टाका, आणखी पाच वर्षे चालेल. पहिल्या वेच्याचा कापूस विकला आहे, त्यामुळे पैसे अगदीच नाहीत असे नाही, पण त्याच पैशांतून विहिरीवरची मोटर नव्याने भरून घ्यायची आहे. आपण माझ्या जागी असता तर काय केले असते?

दुरुस्तीवाला, आर्वी

नमस्कार भाऊ. गेली सतरा वर्षे हेच काम करतो, म्हणून थोडे लांब लिहितो. आपण पाच तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्या एकत्र वाचल्या की संगणक म्हातारा झाला असे वाटते. परंतु पाचही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांतील बहुतेक कारणे वयाशी थेट जोडलेली नाहीत. दुकानदार बारा वर्षांचे वय पाहतो, मेहुणे फक्त वेग पाहतात. आपण एकेक तक्रार सुटी करून पाहावी असे मला मनापासून वाटते, कारण त्याशिवाय खर्च योग्य ठिकाणी पडत नाही.

सर्वांत सोपी तारखेची. मदरबोर्डवर एका रुपयाच्या नाण्यासारखा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ त्यावर चालते. तो संपला की वीज गेल्यावर तारीख बोर्डाच्या मूळ तारखेवर जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणक स्वतःला २०१२ मध्ये समजत असेल तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नसते, म्हणून तो पान उघडण्यास नकार देतो. तीस-चाळीस रुपयांचा सेल बदला, ही तक्रार संपली.

उन्हाळ्यातील बंद पडण्याचे कारण बहुधा धूळ आणि वाळलेली पेस्ट हे आहे. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा उष्णताशोषक यांच्यामध्ये एक पातळ पेस्ट असते, ती बारा वर्षांत खडूसारखी होते आणि उष्णता वर जाऊ देत नाही. आपल्याकडे खोलीचेच तापमान चाळीसच्या पुढे असते, त्यात पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. पेस्ट बदलून डबा अंगणात नेऊन ब्लोअरने साफ करावा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, फिरू देऊ नयेत. कूलरची हवा थेट डब्यावर येते का, हेही पाहा. आपल्या भागातील खारे पाणी कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरते, हे आपण रोज पाहतच असाल. अशी दमट, खारट हवा बोर्डासाठी उन्हापेक्षा वाईट.

झिणझिण्यांबद्दल मात्र मी काळजीने लिहितो, कारण हा दोष संगणकाचा नाही, घराच्या वायरिंगचा आहे. एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागात, विजेतील गडबड गाळण्यासाठी जे दोन छोटे कॅपॅसिटर असतात ते फेज आणि न्यूट्रलमधून डब्याच्या पत्र्याशी जोडलेले असतात आणि तो पत्रा अर्थिंगला जोडलेला असावा असे गृहीत असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह फार थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते, पण आपण ३८ हजारांचा नवा संगणक आणून त्याच सॉकेटला लावला तरी त्याच झिणझिण्या येतील. खारपाण जमिनीत अर्थिंग चांगली लागते, पण सळई आणि तार लवकर गंजून तुटते. वायरमनला बोलावून आधी ती पाहून घ्या. संगणक कोणताही ठेवला तरी हे काम टळणारे नाही.

आता मंदपणा. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जातात आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणारा काटा जागा बदलतो, फेऱ्याची वाट पाहतो. अशा विखुरलेल्या वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे कामांच्या पुढे जात नाही. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तीच कामे सेकंदाला हजारोंनी होतात. एच६१ बोर्डाचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडण्याच्या खाचा, जुन्या वेगाचे, ३ गिगाबिटचे आहेत, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, परंतु घरच्या वापरात तो फरक जाणवत नाही. एवढ्यापुरते आपले मेहुणे बरोबर आहेत.

ब्राउझर गोठण्याचे कारण रॅम असावे. मात्र रॅम विकत घेण्याआधी 'धिस पीसी'वर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते कळवा. जुन्या असेंबल्ड संगणकांत दुकानदार सर्रास ३२ बिट विंडोज टाकून देत असत आणि ते ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही. त्याचबरोबर क्रिस्टल डिस्क इन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून डिस्कची प्रकृती कशी दाखवतो ते पाहा आणि डब्याचे झाकण काढून बोर्डवरील कॅपॅसिटर फुगलेले आहेत का ते बघा. त्यांचे माथे सपाट असायला हवेत.

या सगळ्याच्या आधी, आजच, आपल्या वडिलांचे लेखन आणि बचत गटाचा हिशेब पेनड्राइव्हवर घ्या. नऊ मिनिटे लावणारी डिस्क केवळ संथ असते असे नाही, कधीकधी ती शेवटच्या घटका मोजत असते.

सेवा केंद्र, घाटंजी

दादा, वरील माहिती बरोबर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते अनुभवातून बनलेले आहे. मी अकरा वर्षे गावात अर्ज भरण्याचे केंद्र चालवते. तीन वर्षांपूर्वी मीही असाच विचार करून जुन्या संगणकात एसएसडी आणि रॅम टाकले. चार महिने तो खरोखर नव्यासारखा पळाला आणि मग शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा मदरबोर्ड गेला. तशा बोर्डाचे उत्पादन कधीच बंद झाले होते, जुना शोधून आणायला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत सतरा मुलांचे अर्ज मी दुसऱ्याच्या दुकानात बसून रात्री उशिरापर्यंत भरले. एसएसडीने वेग येतो. बारा वर्षांचा बोर्ड आणि बारा वर्षांचा एसएमपीएस मात्र बारा वर्षांचेच राहतात.

आपल्या मुलीचे हे बारावीचे वर्ष आहे. तालुक्याला एकदा डबा घेऊन जाणे, मग आणायला जाणे, मग पुन्हा काही बिघडले म्हणून जाणे, यात शेताची कामे सोडून जे दिवस जातात त्यांची किंमत कोणी धरत नाही. ती धरली तर दुरुस्ती दिसते तितकी स्वस्त राहत नाही.

दुसरे विजेचे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन तास येत नाही. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी नवी असताना दहा-पंधरा मिनिटे निघतात, तेवढ्यात फाइल जतन करून बंद करता येते, अर्धी राहिलेली सराव परीक्षा पूर्ण होत नाही. लॅपटॉप असेल तर परीक्षा चालूच राहते. वीजबिलाची बचत होते असे पुष्कळ जण सांगतात. पडद्यासह डेस्कटॉपला साधारण ८० वॅट धरले आणि रोज पाच तास वापर धरला तर महिन्याला १२ युनिट होतात, लॅपटॉपला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके लागते. ही बचत इतकी लहान आहे की तिच्यासाठी कोणी लॅपटॉप घेऊ नये. वीज नसताना काम थांबत नाही, हे मात्र खरे कारण आहे.

मी आपल्या जागी असते तर मोटर भरून झाल्यावर उरलेल्या पैशांत साधा लॅपटॉप घेतला असता.

प्रयोगशाळा सहायक, हिंगणघाट

दोघांनीही यंत्राबद्दल लिहिले आहे, मी त्यावर काय चालवावे याबद्दल लिहितो, कारण दुकानदाराने जे सांगितले ते अर्धे खरे आहे आणि त्याच अर्ध्या सत्यावर सध्या पुष्कळ चालू संगणक भंगारात जात आहेत.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, याचा अर्थ ते चालायचे थांबले असा नाही. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भगदाडांवरची ठिगळे येणे थांबले, एवढाच त्याचा अर्थ आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते, मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जावे लागते आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू केल्यास पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे मुलीची बारावी आणि सीईटी दोन्ही या मुदतीत आरामात पार पडतात.

विंडोज ११ आपल्या यंत्रावर अधिकृतपणे चालणार नाही हे खरे आहे. इंटेलच्या बाबतीत त्यासाठी साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. आय३-३२२० हा तिसऱ्या पिढीतील आहे. आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ भेटतील, ते चालतेही, पण पुढील अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. परीक्षेच्या वर्षी हा प्रयोग करू नये.

वर्षभरानंतरही हे यंत्र ठेवायचे ठरले तर विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उत्तम आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असावी अशी शिफारस आहे, आणि २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते, डिस्कला हातही लागत नाही. बचत गटाच्या एक्सेल फायली लिबर ऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये उघडतात. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, वापरले असतील तर मात्र तपासून घ्यावे. प्रिंटर आणि अंगठा घेणारे यंत्र यांच्याबाबत आधी खात्री करावी, कारण अनेक जुन्या लेझर प्रिंटरांचे चालक प्रोग्राम लिनक्ससाठी नीट मिळत नाहीत. वहिनींचा हात विंडोजवर बसलेला असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये, अशी माझी विनंती आहे.

मला खरे सांगायचे आहे ते वडिलांच्या लेखनाबद्दल. संगणक पुन्हा विकत मिळतो, विहिरी कोणी खोदल्या हे पुन्हा मिळणार नाही. कृतिदेवमध्ये टंकलिखित केलेली फाइल आपल्याला मराठी दिसते, पण आत मराठी नसतेच. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवतो. फाँट नसलेल्या मोबाइलवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा दिसतो, आणि एखाद्या विहिरीचे नाव मराठीत शोधले तर सापडत नाही. म्हणून मूळ फायलींबरोबर कृतिदेवची फाँट फाइलही जपून ठेवा, फाँट आत बसवलेली पीडीएफ आजच करून घ्या आणि सवडीने सर्व मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या संकेतांत, रूपांतरित करा.

रूपांतर करणारे प्रोग्राम मोफत मिळतात, पण ते दोन ठिकाणी हमखास चुकतात. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलट आहे. जोडाक्षर आले की ही अदलाबदल फसते. सामान्य शब्द चुकला तर वाचणाऱ्याच्या लक्षात येतो, परंतु वावरांची नावे कोणत्याही कोशात नाहीत, ती चुकली हे फक्त आपले वडीलच सांगू शकतील. त्यांना दिसत नसेल तर मुलीने मोठ्याने वाचावे आणि त्यांनी ऐकून दुरुस्त्या सांगाव्यात. हे काम संगणकाच्या निर्णयाची वाट पाहत थांबवू नका.

खारपाणपट्टा

तिघांचेही मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट पाहिली, ती लिहितो.

विंडोज ३२ बिट निघाले. रॅमसमोर ४.०० जीबी आणि कंसात ३.४१ जीबी वापरण्यायोग्य असे दिसते. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा असल्याचे त्याच ओळीत लिहिलेले आहे. रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी आहे. कॅपॅसिटर सगळे सपाट आहेत. पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी बसली होती.

क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये डिस्क पिवळी दाखवते, 'कॉशन' असे लिहून येते आणि सी५ या ओळीत १६ हा आकडा दिसतो. वडिलांच्या सर्व फायली आणि गटाचा हिशेब उतरवून घेतला आहे, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक मेहुण्याकडे ठेवली. फोटो उतरवताना दोन फोल्डर अडले, वीस मिनिटे वाट पाहूनही उघडले नाहीत.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या वेळी लिहायला हवी होती. सीईटीनंतर मुलगी अभियांत्रिकीला गेली तर अमरावती किंवा नागपूर, कुठेतरी वसतिगृहातच राहणार. म्हणजे आत्ता डेस्कटॉप घेतला तर जूननंतर तिला त्याचा उपयोग नाही, आणि आत्ता लॅपटॉप घेतला तर तिच्याबरोबर तोही जाईल आणि घरी पुन्हा हाच संगणक उरेल.

दुरुस्तीवाला, आर्वी

भाऊ, शेवटच्या परिच्छेदाने बराच गुंता सुटला.

आधी डिस्क. सी५ म्हणजे जे भाग वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निर्णय डिस्कने अजून केलेला नाही त्यांची संख्या. १६ हा आकडा फार मोठा नाही, पण तो शून्य असायला हवा, आणि दोन फोल्डर अडले यावरून तो खोटाही नाही. त्या डिस्कवर 'चेक डिस्क' चालवू नका, फॉरमॅट मारू नका, नवीन काही साठवू नका. ती काढून बाजूला ठेवायची आणि एसएसडी बसवल्यानंतर बाहेरून जोडून त्या दोन फोल्डरांसाठी शांतपणे प्रयत्न करायचा.

म्हणजे डिस्क तर बदलावीच लागणार. प्रश्न फक्त बाकी यंत्रावर किती खर्च करायचा एवढाच उरतो. ताईंचे बोर्डाबद्दलचे म्हणणे मी खोडून काढणार नाही; बारा वर्षांचा बोर्ड उद्या जाऊ शकतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की जुन्या यंत्रात असाच पैसा घाला जो यंत्र गेले तरी हातात राहील. २४० जीबीचा साटा एसएसडी हा तसा पैसा आहे. बोर्ड गेला तर शंभर-दोनशे रुपयांच्या यूएसबी जोडणीने तो बाहेरची डिस्क म्हणून कोणत्याही लॅपटॉपला चालतो. आपल्या बोर्डाला लागणारी जुन्या पद्धतीची डीडीआर३ रॅम तशी नाही, ती नव्या यंत्रात बसत नाही. म्हणून नवी घेऊ नका, ४ जीबीची वापरलेली पट्टी मिळते ती घ्या. सेल, पेस्ट आणि ६४ बिट विंडोज धरून माझ्याकडे हे काम साडेतीन हजारांच्या आत बसते. याच्या पुढे एक रुपयाही जाऊ देऊ नका; नवा एसएमपीएस, नवा डबा, ग्राफिक कार्ड असे कोणी सुचवले तर नाही म्हणा.

३२ वरून ६४ बिटवर जाण्यासाठी विंडोज नव्याने टाकावे लागते, पण विंडोजचा परवाना त्याच बोर्डाला जोडलेला असल्यामुळे पूर्वीचीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, टाकली की तो आपोआप लागू होतो. कोणी परवान्याचे वेगळे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. आणि हे सगळे प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, एका दिवसात उरकून घ्या, डबा दुकानात सोडून येऊ नका, समोर बसून करून घ्या.

यूट्यूबवरील व्याख्याने अडखळत असतील तर आणखी एक सांगतो. हल्ली तेथील चित्रफिती व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींत येतात. आपल्या प्रोसेसरमधील चित्रविभागाला त्या उलगडता येत नाहीत, त्यामुळे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि पंखा ओरडू लागतो. चित्राची प्रत ४८० वर ठेवली किंवा जुन्या एच.२६४ पद्धतीतच चित्रफीत मागवणारे विस्तारक ब्राउझरमध्ये टाकले की अडखळणे पुष्कळ कमी होते.

सेवा केंद्र, घाटंजी

मुलगी जूनमध्ये बाहेरगावी जाणार असेल तर मी माझे मत बदलते. लॅपटॉप तेव्हाच घ्यावा. शाखा कोणती मिळते त्यावर यंत्र ठरते, स्थापत्य किंवा यंत्र शाखेत आरेखनाचे जड प्रोग्राम लागतात, आणि महाविद्यालयाला विचारून घेतलेले बरे. रॅम किमान ८ जीबी असावी आणि ती बोर्डाला चिकटवलेली नसून वाढवता येण्याजोगी असावी, एवढे दुकानात आधी विचारा, कारण गेल्या काही महिन्यांत मेमरीचे भाव चढले आहेत आणि दुकानदार कमी रॅमची यंत्रे पुढे करतात.

माझी एकच अट. सीईटीचा अर्ज आणि शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी भरून टाका. जुना संगणक चालू असतानाही हे करा.

खारपाणपट्टा

काल रविवारी तालुक्याला जाऊन समोर बसून काम करून घेतले. एसएसडी, वापरलेली ४ जीबीची पट्टी, पेस्ट, सेल आणि मजुरी मिळून ३,३५० रुपये झाले. ६४ बिट विंडोजने परवाना स्वतःहून ओळखला आणि वाढीव मुदतीची नोंदणीही तेथेच झाली. आज सकाळी घरी चालू केला तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत पडदा कामाला तयार होता. मुलीने एक पूर्ण सराव परीक्षा न अडखळता दिली. ३८ हजारांचा विचार सोडला आहे. मोटर भरून घेतली आहे आणि तुरीच्या पैशांतून लॅपटॉपसाठी बाजूला काढायचे ठरले आहे.

वायरमनने अर्थिंगचा खड्डा उकरला तेव्हा तार सळईपासून पूर्ण तुटलेली निघाली, किती वर्षांपासून ते कोणालाच सांगता आले नाही. आता झिणझिण्या येत नाहीत आणि फ्रिजच्या दाराला हात लावताना पत्नीला जो झटका बसत असे तोही बंद झाला.

जुनी डिस्क बाहेरून जोडल्यावर अडलेल्या दोन फोल्डरांपैकी एक उघडले. दुसरे अजून उघडलेले नाही, ती डिस्क दुकानात न देता घरी कपाटात ठेवली आहे.

वडिलांच्या लेखनाची पहिली दहा पाने रूपांतरित केली. मुलगी वाचत होती आणि ते बाजेवर पडून ऐकत होते. 'खर्ड्याचे वावर' या नावातील रफार प्रोग्रामने पुढच्या अक्षरावर नेऊन ठेवला होता, तो त्यांनी लगेच पकडला. मग त्या वावराला ते नाव का पडले हे त्यांनी सांगितले. ते मूळ लेखनात नव्हते, म्हणून मुलीने तेथेच एक परिच्छेद वाढवला आहे.